कारखान्याच्या दारावरची गाठी

माझी अर्धी हयात अमरावतीच्या एका शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. हडप्पाच्या विटा किती पक्क्या भाजलेल्या होत्या, हे मी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ज्या इमारतीच्या जिवावर मी शिकले-सवरले, तिच्या भिंती विटांच्या आहेत की दगडांच्या, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही कधी वाटलं नाही. इतिहास हा नेहमी दुसऱ्याच्या घरचा असतो, अशी माझी पक्की समजूत होती.

ही इमारत म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातला आमचा गाठ्यांचा कारखाना. गाठी म्हणजे साखरेच्या पदकांची माळ. पुण्याकडचे लोक ती गुढीला बांधून मोकळे होतात. आमच्या वऱ्हाडात ती त्याआधीच, होळीला, पोरांच्या गळ्यात पडते आणि ती मामानंच आणावी लागते. पोरं दिवसभर ती मिरवतात, चाटतात, रंगात भिजवतात आणि संध्याकाळी आई उरलेली गाठी शर्टावरून खरवडून काढते. माझी दोन्ही मुलं आता पुण्याला नोकरी करतात, मुलाच्या डोक्यावर केसही बेताचेच उरलेत, तरी त्यांचा मामा दर होळीला गाठ्या पाठवतो. मुलगी त्या फोडून चहात टाकते. मामाला हे अजून कळलेलं नाही आणि कळूही नये.

कारखाना मुळात सरकीचं गोदाम. पणजोबांनी ते घेतलं आणि त्यात भट्टी घातली. होळी-पाडव्याला गाठ्या, बाकी वर्षभर बत्तासे आणि साखरफुटाणे. कौंडण्यपूरच्या यात्रेत निम्म्या दुकानांवर आमचेच बत्तासे असत, असं बाबा सांगतात. उरलेल्या निम्म्यांबद्दल ते बोलत नाहीत. जाड भिंती, सागवानी आढी, वर कवेलू म्हणजे कौलं, धूर निघायला मधोमध थोडं उचललेलं छप्पर. दार एवढं मोठं की बैलगाडी सरळ आत यावी. दाराच्या वर चुन्यात काहीतरी वळणावळणाचं काढलेलं होतं. तो नाग आहे असं समजून मी लहानपणी डोळे मिटून दारातून पळत जात असे. भट्टीजवळ तर मला फिरकूच देत नसत. पोरीला भाजलं, डाग राहिला, तर पुढं लग्नाचं काय, ही घरातल्या सगळ्यांना काळजी. म्हणून मला ओट्यावर बसवून तुटक्या गाठ्या दिल्या जात. ते काम मी मन लावून केलं. त्याचे पुरावे दातांच्या डॉक्टरकडे आहेत.

आणखी एक रीत होती. हंगामाची पहिली गाठी विकायची नाही. बाबा ती कारखान्याच्या दारावरच्या खिळ्याला टांगत. तिला मुंग्या लागत आणि पाडव्यापर्यंत खिळ्यावर नुसता दोरा उरे. ही रीत का पडली, असं मी कधी विचारलं नाही. मी ती मनातल्या मनात समजून घेतली आणि फार चुकीची समजून घेतली, पण ते पुढं येईलच.

मागच्या-मागच्या दिवाळीत मी भाऊबीजेला जठारपेठेत माहेरी गेले होते. ओवाळून झालं, ताटं वाढली आणि माझ्या धाकट्या भावानं पहिला घास मोडता मोडता सांगितलं, "ताई, कारखाना पाडून राहिलो. खाली दुकानं काढतो, वर हॉल. गाठ्याचं काम शहराबाहेर शेडमधी नेतो. गॅसवर."

बाबांनी ऐकलं आणि वरणात भात कालवत राहिले. बाबा ऐंशीच्या पुढचे. काम भावाकडे देऊनही रोज सकाळी कारखान्याचं कुलूप तेच उघडत, हंगामात तर दिवसभर तिथंच असत. दुपारी जेवायलाही घरी येत नसत, डबा तिकडे जाई. त्यांना काय वाटलं हे विचारायचं सोडून मीच उभी राहिले. हात उष्टा, आणि मी वर्गात उभी असल्यासारखी बोलू लागले. वारसा, वास्तू, पूर्वज, पुढची पिढी, एकही शब्द सोडला नाही. वास्तू हा शब्द आमच्या घरात वास्तुशांतीच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा.

"तुले काय होते बोलाले?" भाऊ म्हणाला. "मार्चात भट्टीजवळ उभं मले राहा लागते. माये गुडघे पाह्य. बाहेर अकोल्याचं ऊन, अंदर भट्टी. कामाले माणूस भेटत नाई. तू तं अमरावतीले पंख्याखाली बसून इतिहास शिकवतं."

त्याचं सगळं खरं होतं, म्हणूनच मी आवाज आणखी चढवला. वहिनीनं माझ्या ताटात न विचारता आणखी एक करंजी टाकली. माझं तोंड बंद करायचा तिचा हा जुना उपाय आहे आणि तो दर वेळी लागू पडतो. पण त्या दिवशी मी करंजी खाऊनही बोलत राहिले. शेवटी भाऊ म्हणाला, "ठीक हाय. होळीपर्यंत तुले मुदत. वाचवतं तं वाचव."

अमरावतीला परतल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. ओळखीपाळखीतून मी नागपूरच्या एका वास्तुतज्ज्ञ मुलीचा पत्ता काढला. जुन्या इमारती दुरुस्त करण्यात तिचा हातखंडा होता आणि अशा कामांना हातभार लावणारी एक संस्था तिच्या ओळखीची होती. कारखान्याबद्दल लिहून पाठवा, असं ती म्हणाली. मी चार पानं लिहिली. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं की मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं: 'हंगामाची पहिली, सर्वांत सुबक गाठी वास्तूच्या चरणी अर्पण करण्याची या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे.' नवरा तिवश्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, काळ्या मातीत वाढलेला. त्यानं शांतपणे विचारलं, "इमारतीले चरण असते काय?" मी पुढचं पान वाचायला घेतलं. त्याला भाषेतलं काही कळत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

मुलीनं कळवलं, प्रत्यक्ष बघायला येते. आणि इथं आम्ही आमच्या घराण्याला शोभेल असा घोळ घातला. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आधी रंग काढायचा. मुलगी बघायला येवोत, कुणाच्या तेराव्याला येवोत, वीजमीटर बघायला येवोत, भिंतीवर हात फिरलाच पाहिजे. मी अमरावतीहून फोन करून भावाला सांगितलं, "अरे, समोरची बाजू किती कळकट दिसते. चार चांगले लोक येणार. जरा रंगवून घे." रंग कोणता, तेही मीच सांगितलं. गुलाबी. गाठीसारखा. ऑइलपेंट घे, टिकतो, असंही सांगितलं. भावाला ती इमारत पाडायचीच होती, तरी पाहुण्यांसमोर नाक कापलं जाऊ नये म्हणून त्या भल्या माणसानं दोन रंगारी लावून अख्खी दर्शनी भिंत गुलाबी करून टाकली. वरच्या नागालाही दोन हात दिले.

मुलगी आली ती सकाळी. मी आदल्या दिवशीच येऊन, इस्त्रीची साडी नेसून, दारात उभी होते. ती गाडीतून उतरली, मान वर केली आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, भारावली.

"हे कधी केलं?" तिनं विचारलं.

"परवाच," मी म्हणाले. "खास तुमच्यासाठी."

तिनं पिशवीतून एक लहानशी पट्टी काढली, कोपऱ्यात जरा खरवडलं आणि तो बोटभर गुलाबी पापुद्रा हातावर धरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, चुन्याची भिंत श्वास घेते. तिच्यावर तुम्ही रेनकोट घातलाय. आतली ओल आता बाहेर कुठून येणार?" मग जरा हळू आवाजात तिनं विचारलं, "तुम्हीच इतिहास शिकवता ना?"

"हो," मी म्हणाले. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण अकोल्याची जमीन अशा वेळी टणक असते.

भाऊ मागं उभा राहून हसू दाबत होता. बाबांनी त्याला विचारलं, "काहून? काय म्हणते ते पोरगी?" भाऊ म्हणाला, "म्हणते ताईनं कारखान्याले रेनकोट घातला." बाबा म्हणाले, "मंग काढा म्हणा. पाऊस कुठी हाय?"

तो रंग काढायला जे लागलं ते विचारू नका. मुलीनं दिलेली दोन माणसं, भाऊ आणि प्रायश्चित्त म्हणून मी, असे आम्ही लाकडी पट्ट्यांनी भिंत खरवडत बसलो. मी सुट्टीच्या दिवशी अमरावतीहून येई आणि गुलाबी होऊन परत जाई. पण दाराच्या वरचं काम ती मुलगी स्वतः करत होती, आणि एके दिवशी तिनं शिडीवरून आम्हाला हाक मारली. रंगाच्या आणि जुन्या चुन्याच्या थरांखालून माझा नाग बाहेर आला होता. तो नाग नव्हताच. ती गाठी होती. पदकं, मधली फुलं, शेवटचा गोंडा, दोऱ्याला मारलेली गाठसुद्धा, कुणा गवंड्यानं चुन्यात इतकी मनापासून काढली होती की गल्लीतली माणसं खाली जमून माना वर करून बघत राहिली. मी आयुष्यभर डोळे मिटून तिच्याखालून पळाले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाई पाडत, बाप्पा. रडू नको."

जिंकले, असं मला वाटलं. त्या संध्याकाळी मी वहिनीच्या चार करंज्या मागून खाल्ल्या.

संस्थेनं मदत द्यायचं कबूल केलं. अट एकच घातली, आणि ती रास्त होती. छपराचं लाकूड भट्टीच्या तापानं इतक्या वर्षांत वाळून सरपण झालं होतं, एक ठिणगी पुरे. तेव्हा छपराखाली विस्तव नको. भट्टी बंद. भावाला हेच हवं होतं. तो खूश होऊन शहराबाहेरच्या शेडमध्ये गेला. तिथं गॅस, पंखे, धातूचे साचे. गाठ्या एकसारख्या, सरळ, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. इमारत वाचली म्हणून मी खूश, भट्टी गेली म्हणून भाऊ खूश. सगळ्यांचं सगळं झालं, असं मी दहा जणांना सांगितलं. बाबांना कुणी विचारलं नव्हतं, हे त्या दहा जणांपैकीही कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती होळी शेडमधल्या गाठ्यांवर झाली. भावानं त्यातली एक दारावर टांगायला आणली. बाबांनी ती हातात घेतली, फिरवून बघितली आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका लेकराच्या गळ्यात घातली. खिळा रिकामाच राहिला.

दुरुस्ती झाली. कवेलू नीट बसले, भिंतींना चुना लागला, दाराजवळ एक फलक आला. फलकावर माझंच वाक्य होतं, तेच, वास्तूच्या चरणी अर्पण करण्याचं. मी तिथं उभी राहून फोटो काढून घेतले. अमरावतीत मला दोन-तीन ठिकाणी भाषणाला बोलावलं. 'आपला वारसा आपल्या हाती' असा विषय मी स्वतःच सुचवला होता. रेनकोटाचा प्रसंग मी भाषणात सांगत नसे.

त्या हिवाळ्यात शाळेच्या मुलींची सहल मी कारखान्यात नेली. बाबा नेहमीप्रमाणे ओट्यावर बसले होते. मी गोदामापासून सुरुवात केली, पणजोबांवर आले, भिंती, चुना, आढी, धुराची सोय, सगळं सांगितलं. मुली माना डोलवत होत्या. शेवटी मी विचारलं, काही शंका? पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गाठ्या कुठी आहेत?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"फोटोतल्या नाई," ती म्हणाली. "खायच्या."

मुलींना हसू फुटलं. मीही हसले. बाबा मात्र उठले, आत आले आणि जिथं भट्टी होती त्या जागी, आता तिथं स्वच्छ फरशी होती, उभे राहिले. बाबा मला म्हणाले, "मी इथी रोज कायले येतो मालूम हाय काय तुले? कुलूप उघडाले. अन् मंग लावाले. दुसरं काय हाय इथी?" आवाज चढला नव्हता. ते परत ओट्यावर जाऊन बसले.

मुलींना सोबतच्या बाईंबरोबर बसमध्ये बसवून मी माहेरी गेले. वहिनी एकटीच होती. मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमाले सांगू काय? बाबा आता दुपारी टायमावर घरी जेवाले येते. गेल्या होळीच्या टायमाले पहिल्यांदा आले तवा मी सैपाकघरात जाऊन रडली. या घरात आल्यापासून हंगामात मी डबा भरला, ताट कधी वाढलं नाई." हे तिनं वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःचा फार राग आला. एवढी इमारत वाचवली, आणि तिच्यातल्या एकुलत्या एक माणसाला त्याच्याच दारात राखणदार करून ठेवलं.

"मग भट्टी परत सुरू करा," मी म्हणाले. "गेली अट खड्ड्यात."

"खड्ड्यात काहून?" वहिनी म्हणाली. "छपराखाली विस्तव नको म्हणते ना ते पोरगी? मंग उन्हाळ्यात कुरडया आमी कुठी करतो? आंगणात. तीन विटा मांडल्या का चूल झाली. कारखान्याले मागं एवढं आंगण हाय. पाक आंगणात, साचे अंदर."

एवढ्या भाषणांत अंगण हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. नागपूरच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "अंगण छपराखाली येत नाही. भिंतीपासून लांब मांडा, पाण्याची बादली ठेवा आणि कृपा करून चुलीला रंग देऊ नका."

भाऊ कुरकुरला. वारा लागला तर पाक बसतो, म्हणाला. वहिनीनं त्याला विचारलं, पहाटे वारा कुठं असतो? मग होळीच्या थोडे दिवस आधी जुने लाकडी साचे त्यानंच माळ्यावरून काढून पाण्यात भिजत घातले. मी रजा टाकून आले.

पहाटे अंगणात चूल पेटली. कढईत साखर विरघळायला लागली, तिचा तो वास सुटला आणि बाबांचे खांदे सरळ झाले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ते ओरडायला लागले. भावावर ओरडले, वहिनीवर ओरडले, जाळावर ओरडले. वर्षभरात एवढे शब्द त्यांनी उच्चारले नसतील. मी नेहमीच्या सवयीनं ओट्यावर बसायला निघाले तर म्हणाले, "कुठी चालली? दोरा धर."

आयुष्यात पहिल्यांदा मला भट्टीजवळ बोलावलं गेलं होतं. लग्नाची काळजी आता कुणालाच उरली नव्हती. भावानं चोचीच्या भांड्यात पाक घेतला, आम्ही चार पावलं आत धावलो, मी साच्यावर दोरा ताणून धरला आणि भावानं पाक ओतला. गरम वाफ तोंडावर आली, मी डोळे मिटले आणि माझा दोरा सरकला. सुटून निघाली ती गाठी अशी होती, की पदकं एका बाजूला, दोरा दुसऱ्या बाजूला आणि शेवटचा गोंडा कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही.

मी ओशाळून म्हणाले, "बाबा, ही वितळवून टाका. पहिली गाठी दारावर लावायची असते. चांगली निघू द्या."

बाबांनी माझ्या हातातून ती घेतली. "चांगली कायले?"

"वास्तूला अर्पण करायची ना. परंपरा आहे आपली."

"कोणी सांगतलं तुले?" बाबा म्हणाले. "पयली खेप वाकडीच निघते. साचा थंडा असते. ते इकता येत नाई, अन् फेकाव कशी, साखर हाय. म्हून दारावर. मुंग्या तरी खातीन."

भावाला ते भांडं खाली ठेवावं लागलं, इतका तो हसला. मी फलक, चार पानं, तीन भाषणं आणि वर्गातल्या सगळ्या मुली आठवत तशीच उभी. "मग तो फलक बदलायला हवा," मी कशीबशी म्हणाले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "दिसाले बरा हाय." त्यांनी दाराशी जाऊन माझी ती वाकडी गाठी खिळ्याला टांगली, चुन्यातल्या त्या सुबक गाठीच्या बरोबर खाली, आणि मागं सरून बघितलं. "पण पुढच्या सालीबी येजो," ते म्हणाले. "दरसाल वाकडी काढाले कोणी तं लागते."

मी हो म्हणाले. दुपारी चूल विझवली, भाऊ आंघोळीला गेला, मी घरी आले. वहिनीनं ताटं घेतली होती. बाबा आले नाहीत. तिनं त्यांना फोन लावला, ऐकलं आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरचं एक ताट उचलून परत मांडणीत ठेवलं. मग तिनं वरच्या फळीवरून डबा काढला आणि त्याच्यावरची वर्षभराची धूळ पदरानं पुसायला लागली.